फक्त चेन तेवढी लाव

हाताने शिवलेली चामड्याची पर्स कोणाच्याही हातात ठेवा, माणूस आधी चेन ओढून बघतो. सर्रकन उघडतो, सर्रकन लावतो, खात्री म्हणून परत उघडतो. कडा घासून घासून चकचकीत केलेल्या असतात, टाके एका रांगेत शिस्तीत उभे असतात, कोपऱ्यावर कोपरा बसलेला असतो. तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. चेन मात्र मध्येच जराशी अडखळली की भुवई वर जाते आणि प्रश्न येतो, "घरी केलीस का?"

त्या पर्समध्ये मी केलेली नाही अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे चेन. आणि मार्क कापले जातात ते तिच्यावरूनच.

तरी लोकांची ठाम समजूत अशी की चेन हे शेवटी करायचं किरकोळ काम. खरं काम कापण्याचं आणि शिवण्याचं, ते झालं की जाता जाता चेन लावून टाकायची. माझी मावशी याच समजुतीची.

"साधीच पर्स हवी रे मला. फार काही नको. फक्त चेन तेवढी लाव."

"मावशी, चेनऐवजी बटण लावू का? दिसतंही छान."

"बटणातून सुटे पैसे पडतात."

यावर काय बोलणार? पडतातच.

ज्यांनी ही चेन शोधून काढली त्यांनाही ती सहज जमली नव्हती, एवढाच काय तो दिलासा. शिवणयंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या एलियास हाऊने १८५१ मध्ये अशा बंदाचं पेटंट घेतलं आणि पुढे त्या भानगडीत पडलाच नाही. शहाणा माणूस! मग १८९३ मध्ये व्हिटकम जडसनने बुटांसाठी आकड्यांचा बंद काढून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडला, पण तो भलत्या वेळी आपोआप सुटायचा. दातात दात अडकवणारी आणि खरोखर चालणारी चेन गिडिऑन सुंडबॅकने १९१३ च्या सुमारास केली. म्हणजे पहिल्या पेटंटपासून धड चालणाऱ्या चेनपर्यंत बासष्ट वर्षं गेली. आणि आमच्या घरातले लोक संध्याकाळी दारातून डोकावून विचारतात, "अजून चेनच चाललीय का?"

मुळात चेनचं आणि चामड्याचं पटत नाही. चेनची पट्टी कापडाची. ती लवचीक, ओढाल तिकडे जाणारी. चामडं आपल्या मताचं. कापडावर कापड शिवताना टाचण्या लावता येतात, कच्चे टाके घालता येतात, नाही जमलं तर उसवून पुन्हा शिवता येतं. चामड्यात टाचणी टोचली की भोक कायमचं. उसवलं तरी टाक्यांची जुनी रांग तिथेच राहते आणि नवी तिच्या शेजारी. त्यामुळे चेन जिथे बसायची तिथेच आणि पहिल्याच खेपेला बसावी लागते. म्हणून आधी ती चिकटवायची. सोल्यूशन दोन्हीकडे लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. दाबल्यावर ते सरकत नाही, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. मी अलीकडे तीन मिलीमीटरची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरतो. ती अगदी कडेला, टाक्यांच्या रेषेच्या बाहेर लावायची. रेषेवर आली तर सुईला चिकटा धरतो आणि मग पुढचा प्रत्येक टाका कुरकुरत जातो.

चिकटवताना पट्टी जरा ताणली गेली की संपलं. हात सोडला की चामडं आपल्या जागेवर राहतं, पट्टी आखडते आणि सरळ असायची ती चेन नागमोडी होऊन बसते. यावरचा उपाय असा: एक बाजू चिकटवायची, चेन लावून घ्यायची, दोन्ही पट्ट्यांवर आडव्या खुणा करायच्या, मग चेन उघडून खुणेसमोर खूण ठेवत दुसरी बाजू चिकटवायची. उपाय रामबाण आहे. फक्त खुणा करायला जो खडू लागतो, तो नेमका त्याच वेळी घरात नसतो.

बरं, चेन घ्यायची तर कितीची? नंबर असतात: तीन, पाच, आठ, दहा. लावलेल्या चेनचे दात साधारण जितके मिलीमीटर रुंद, तितका तिचा नंबर. सुट्या पैशांच्या पाकिटाला तीन, पर्सला पाच, थोराड बॅगेला आठ किंवा दहा. मावशीला हे सगळं सविस्तर समजावून सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं. पाच नंबर म्हणजे पाच मिलीमीटर, म्हणून चामड्यात चेनसाठी कापायची फट, म्हणजे खिडकी, पाच मिलीमीटरची कापली तर मात्र रनर (चेन उघडताना-लावताना ओढतो तो तुकडा) तिथून जाणार नाही, कारण रनर दातांहून रुंद असतो. त्यासाठी खिडकी आठ ते दहा मिलीमीटर ठेवायची. दोन्ही टोकांना आधी गोल पंचने भोकं पाडायची आणि मग त्यांच्यामध्ये सरळ कापायचं, म्हणजे कोपरा पुढे फाटत जात नाही. हे एवढं काम मात्र मला मनापासून आवडतं. पंच ठोकला की चामड्याची इवलीशी गोल टिकली निघते आणि काही क्षण तरी आपल्याला सगळं येतं असं वाटतं.

मग चेन लांब निघते. हवी त्या लांबीची चेन मिळणं हा योग माझ्या पत्रिकेत नाही. नायलॉनची असेल तर जिथे हवी तिथे शिवून बंद करून उरलेली कापता येते, पण मावशीला पितळी दात हवे होते. धातूची चेन आखूड करायची म्हणजे पक्कड घेऊन वरच्या टोकाचा एकेक दात उपटायचा. दाताचे दोन पाय पट्टीच्या जाड कडेला धरून बसलेले असतात. त्यांना असं चिमटायचं की पाय सुटावेत पण पट्टी कापली जाऊ नये. दंतवैद्याचं काम यापेक्षा सोपं असणार, त्यांचा दात उपटल्यावर टुणकन उडून कपाटाखाली तरी जात नाही. आमचे जातात. झाडूला ते सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी फिरणाऱ्याला सापडतात, आणि तो माणूस ओरडतो कोणाच्या नावाने हे सांगायला नको.

दात उपटण्याच्या या कार्यक्रमात वरचा थांबा निघालेला असतो. नवा बसेपर्यंत रनरला मोकळं रान. मी टोकाला दोऱ्याची गाठ मारून ठेवतो. तेवढ्यात कोणीतरी येतं, "बघू, कुठवर आलं?" म्हणत गाठ सोडतं आणि अत्यंत प्रेमाने चेन ओढून बघतं. रनर हातात येतो.

रनर परत चढवणे हा स्वतंत्र विषय आहे. त्याला एका बाजूला दोन तोंडं असतात, दुसऱ्या बाजूला एक. दोन तोंडांत दोन पट्ट्या एकाच वेळी आणि सारख्याच खोलवर शिरल्या पाहिजेत. एक बाजू एका दाताने जरी पुढे गेली तरी चेन लागते, छान लागते, आणि शेवटी पर्सचं एक टोक दुसऱ्यापेक्षा वर राहतं. घरात अशा वेळी सल्ल्यांचा महापूर येतो. त्यातला एकच कामाचा: जेवणाचा काटा उभा धरायचा, रनर त्याच्या दातांवर अडकवायचा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या आत सारायच्या. जमतं. काटा परत नेऊन ठेवताना मात्र कोणाच्या नजरेस पडू नये.

शिवण तर अजून सुरूच झालेली नाही! एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जायच्या. शिवणीच्या चौपट दोरा घ्यावा लागतो. तो मेणावरून ओढून घेतला की गुळगुळीत होतो आणि दिसेल त्या वस्तूला वेढा घालायला मोकळा होतो. त्याची सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे रनरची लोंबती पट्टी. प्रत्येक टाक्याला दोरा तिच्यात जाऊन बसतो. ती वर धरली तर खाली पडते, खाली धरली तर वर उडते. शेवटी मी तिला कागदी टेपने चिकटवून टाकतो आणि मनोमन आणखीही काही म्हणतो.

रनरच्या शेजारचे टाके जपून. तिथे पट्टी फुगते आणि रेषा बाहेरच्या अंगाला सरकू बघते. अशा वेळी सुई तिथेच थांबवायची, रनर शिवून झालेल्या भागाकडे ढकलायचा आणि मग पुढे जायचं. टोकाशी पट्टीचा शेपटा मागे त्रिकोणी दुमडलेला असतो. म्हणजे चामडं, दुमडलेली पट्टी, अस्तर, परत चामडं. कड आधी तासून पातळ केलेली असली तर आरी आत शिरते. सुई तरीही पकडीनेच ओढावी लागते. शेवटचे टाके घालताना माझ्या तोंडून जे आवाज निघतात, त्यावरून शेजारच्या खोलीतल्यांना काम कुठवर आलं ते कळतं.

कोपऱ्यावरून वळणाऱ्या चेनबद्दल मी फार लिहिणार नाही, रक्तदाब आहे. पाकिटाच्या गोल कोपऱ्यावर दात बाहेरून लांबचा रस्ता घेतात, पट्टीची आतली कड जवळच्या रस्त्याने जाते. उरलेलं कापड कुठेतरी जायला हवं ना? त्याच्या बारीक चुण्या घालून एकेक चिकटवत जायचं. या पाकिटांच्या मागण्या मी सध्या विनम्रपणे ऐकतो आणि विसरतो.

पर्स झाली. दातांवर मेणाचा तुकडा फिरवला. रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेला. मावशीने हातात घेतली, चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली आणि आत हात घातला.

"अरे, चालते की छान! फक्त आत एक चोरकप्पा हवा होता बघ."

"करून देतो ना, मावशी. नुसतं चामडं लावायचं, त्यात काय."

"त्यालाही चेन लाव हं. तीन नंबर चालेल."

नंबर तिला मीच शिकवले होते.