जनसुनावणीला जाताय? मग एवढं कराच

गावाशेजारी वीजप्रकल्प येतोय? अभिनंदन! आता तुमचं मत विचारलं जाईल. घाबरू नका, नुसतं विचारलं जाईल.

आधी नोटीस शोधा. पर्यावरण मंजुरीबाबतच्या केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे ती 30 दिवस आधी दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते. छापतातही, निविदा आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या मधोमध. मग प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्याचा अहवाल मागा. मराठीत हमखास मिळतो तो सारांश. तीन पिढ्यांची मासेमारी त्यात अर्ध्या ओळीत बसवलेली असते. कौतुक करा, संक्षेप ही कला आहे.

गर्दी जमेल का, ही चिंता सोडा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, सोसायटीच्या सभेला लागते. जनसुनावणीला लागत नाही, तसं नियमातच लिहिलंय. तुम्ही आलात तर जन, नाही आलात तरी सुनावणी.

बोलायची पाळी आली की मुद्देसूद बोला. खाडीत सोडलं जाणारं गरम पाणी, आंब्याचा मोहोर, काहीही. व्यासपीठावरचे साहेब मान डोलावतील. तो होकार समजू नका. मे महिन्याची दुपार आहे, जेवणं झालेली आहेत. कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घाला. हात वर करून मतदान वगैरे नसतं. इतिवृत्त शेवटी मराठीत वाचून दाखवतात, जिल्हाधिकाऱ्यांची सही होते आणि कागद निघतात दिल्लीला. तिथे तज्ज्ञांची समिती शिफारस करते, केंद्राचं पर्यावरण मंत्रालय ठरवतं. तुमच्या वाट्याला येतं ते 'दखल घेण्यात आली आहे'. (आमच्याकडे सुनावणं म्हणजे खडसावणं. सरकारी मराठीत अर्थ जरा मवाळ आहे.)

खोटं वाटत असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबनला जाऊन विचारा. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी तिथे 16 मे 2010 ला सुनावणी झाली. 938 हेक्टर जमीन, 9900 मेगावॉट, आणि गावकऱ्यांचा कडाडून विरोध. 28 नोव्हेंबरला पर्यावरण मंजुरी आली, 35 अटींसकट. अणुभट्ट्या फ्रेंच, आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात यायचे होते. पाहुणे यायच्या आधी घर आवरायची आपली रीतच आहे.

तर निवेदनाच्या दोन प्रती काढा. एकीवर पोच घ्या, शिक्का नीट उमटलाय ना बघा, आणि ती जपून ठेवा. पुढच्या प्रकल्पाच्या वेळी तारीख तेवढी बदलायची.