एकसष्टाव्या दिवसाचं काय?

तात्यांनी आधी तिकिटं काढली आणि मग आम्हाला कळवलं. न्यू जर्सीहून शिमग्याला यायचं, पालखी नाचवायची, आंबे खायचे आणि कलमं रिकामी झाली की परत जायचं, असा जवळपास तीन महिन्यांचा बेत. तात्या माझे सख्खे काका. पन्नासेक वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून तिकडे गेले ते तिकडचेच झाले, पण पालखीला खांदा द्यायचा त्यांचा मान इथे अजून शाबूत आहे. मागोमाग चुलत बहिणीचा मेसेज आला : ‘दादा, या दोघांच्या मेडिकल इन्शुरन्सचं तू बघ ना. माझं ते ऐकत नाहीत.’ माझं कोण ऐकतं, हे विचारायची सोय नव्हती.

मला विम्यातलं कळतं असा घरात समज आहे, आणि त्याला कारण आंबा. देवगड तालुक्यात माझी थोडी कलमं आहेत आणि त्यांचा फळपीक विमा मी दरवर्षी उतरवतो. तो सरळ कारभार. अवेळी पाऊस झाला, ऊन ठरल्यापेक्षा चढलं, थंडी जास्त पडली, तर मंडळातल्या हवामान केंद्राचे आकडे बघून भरपाई ठरते. ती हातात कधी पडते ते सोडा. पण विमा उतरवताना कलमाला कोणी विचारत नाही, की बाबा, गेल्या पाच वर्षांत तुला तुडतुडा झाला होता का, भुरी आली होती का, ज्या झाडाची काडी घेऊन तुला बांधलं त्याला करपा होता का. माणसाच्या विम्यात हे सगळं विचारतात. आणि तात्यांना कोणी काही विचारलेलं आवडत नाही.

आमच्या घरात रेंज येते ती माडीवरच्या पश्चिमेच्या खिडकीत, तीसुद्धा फोन धरलेला हात बाहेर काढल्यावर. म्हणजे स्पीकर लावणं आलं, आणि स्पीकर लावला की सगळी वाडी बैठकीला आली. तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे इकडे रात्रीचे साडेनऊ. जेवणं आटोपून लोक खळ्यात, म्हणजे अंगणात, पान खात बसलेले असतात. त्यांना दुसरी करमणूक नव्हती.

‘‘तात्या, डायबेटिस आहे का?’’

‘‘नाही.’’

मागून काकी : ‘‘मग रोज पोटात टोचता ते काय?’’

‘‘शुगर कंट्रोलमध्ये आहे. कंट्रोलमध्ये आहे म्हणजे नाही.’’

‘‘ब्लडप्रेशर?’’

‘‘गोळी घेतली की नसतं. आणि कोकणात येणाऱ्याकडे बीपीची गोळी असलेली बरी. महाडच्या डॉक्टर बावस्करांनी विंचू चावलेली माणसं प्राझोसिनवर वाचवली. बीपीचंच औषध ते! पद्मश्री दिली त्यांना २०२२ साली.’’

‘‘तुमची गोळी वेगळी आहे,’’ काकी म्हणाली.

‘‘हार्टचं काही?’’

‘‘दोन स्टेंट आहेत. पण तो आजार नव्हे, ती दुरुस्ती.’’

‘‘गुडघा?’’

इथे तात्या जरा थांबले. ‘‘गुडघ्याचं लिहू नकोस. तो वयाचा भाग आहे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची आत्ये कुंपणापाशी उभी. ‘‘तात्याक साखर हा मां? मगे शिरवाळे करूचे काय नको?’’ शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसातल्या. तात्यांचा मधुमेह विमा कंपनीच्या आधी वाडीत जाहीर झाला.

आता तिकडचं त्यांचं मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्य विमा, आहे की, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण ते अमेरिकेतच. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर देशाबाहेरच्या हॉस्पिटलचे पैसे मेडिकेअर देत नाही. जन्मभर टॅक्स भरलेल्या माणसाला हे पटवणं कठीण. तात्या म्हणाले, ‘‘मी काय फिरायला चाललोय? गावाला चाललोय!’’ हा मुद्दा मेडिकेअरला कळवायची सोय असती तर मी जरूर कळवला असता.

मग कणकवलीहून एजंट आला. हा मोठा उमेदीचा मुलगा. मोटरसायकल उभी करायच्या आत त्याने दोन चांगल्या बातम्या दिल्या. नवीन पॉलिसीला पूर्वी बहुतेक ठिकाणी ६५ वर्षांची आडकाठी असायची, ती २०२४ मध्ये निघाली. आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला. मी आत चहा सांगितला. चहा येईपर्यंत बाकीचं कळलं. कुठल्याही आजाराला पहिले ३० दिवस काही मिळत नाही, अपघात तेवढा सोडून. आणि अंगात आधीपासून असलेल्या दुखण्याला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

‘‘आधी ४८ होते, आता ३६ केले,’’ तो म्हणाला. मी आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा असावी.

‘‘अरे, माणूस तीन महिने राहणार. गुडघा दुखला तर तीन वर्षं धरून बसू?’’

‘‘गुडघो वगळून घेवया मां.’’

‘‘साखर, बीपी, हृदय, गुडघा. एवढं वगळल्यावर तात्यांचं राहिलं काय?’’

त्याने पुस्तिका उलटसुलट चाळली. मी म्हटलं, ‘‘बाळंतपण तेवढं उरतंय.’’

‘‘त्याका पण वेटिंग आसा,’’ तो गंभीरपणे म्हणाला.

जाताना त्याने अपघात पहिल्या दिवसापासून धरतात याची आठवण करून दिली. मी सहज विचारलं, माडाखालून जाताना डोक्यात नारळ पडला तर? अपघात. आणि नारळ पाडायला माडावर चढले आणि स्वतःच पडले तर? तो हेल्मेट घालता घालता थांबला. ‘‘तात्या चढतले?’’ मी सांगता येत नाही म्हटल्यावर त्याने गाडीला किक मारली.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. सरपंच वाटेत भेटले. ‘‘कित्याक पैसे घालतास? सत्तरीच्या वर सगळ्यांक पाच लाखाचा कार्ड फुकट गावता. आधार घेवन येवा.’’ खरंच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मानमध्ये सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता घेतलं. पण गाडी आधारावर अडते. तात्या अमेरिकन नागरिक. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला मिळतं ते, आणि ओसीआयवाल्याला आधार काढायचं तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं लागतं. त्याहून कमी राहिलात तर तुमच्या बोटांचे ठसे कितीही मालवणी असोत, उपयोग नाही. सरपंचांना हे अन्यायाचं वाटलं. ‘‘गावचो मानकरी माणूस! मी लिहून देतंय तात्या हंयचो म्हणान.’’ त्यांनी खरोखरच लिहून दिलं, शिक्क्यासकट. तो कागद मी जपून ठेवलाय.

राहिला प्रवासाचा विमा, म्हणजे तिकडच्या कंपनीचा, निघायच्या आधी काढायचा. बहिणीने एक नंबर दिला. तिकडून तात्या, इकडून मी आणि मध्ये एक गोड इंग्रजी बोलणारी बाई, असा तिघांचा फोन ठरला. शिवाय खळ्यातली मंडळी.

पहिली अडचण वयाची. तात्यांची जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या निम्म्या कोकणाची १ जूनच आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि तारीख मास्तर लिहायचे. आमची आजी सांगायची, की तात्यांचा जन्म तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा, आणि मास्तरांनी पोराला शाळेत बसवण्यासाठी दीड वर्षाने मोठं केलं. त्यामुळे तात्या कागदावर ८० पूर्ण आणि खरे मात्र ऐंशीच्या अलीकडचे. या धंद्यात ८० ही मोठी रेघ आहे. तिच्या पलीकडे हप्ता चढतो आणि मिळायची रक्कम आक्रसते. मास्तरांनी तेव्हा दीड वर्षाची शाळा वाचवली, त्याचे डॉलर आम्ही आता भरायचे. तात्यांनी त्या बाईला तुळशीचं लग्न समजावून सांगायला घेतलं. तुळस कोण आणि नवरा कोण, इथपर्यंत ती आली. पासपोर्टवर काय आहे, असं तिने मग अतिशय नम्रपणे विचारलं.

पुढे साहसी खेळ. काही करणार आहात का? तात्या म्हणाले, तारकर्लीला स्कूबा. काकीने फोन हिसकावून घेतल्याचा आवाज आला आणि उत्तर बदललं.

मग, अत्यवस्थ झाल्यास पेशंटला जवळच्या सुसज्ज हॉस्पिटलात नेण्याची तरतूद. हा भाग मला आवडला. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे घाट चढून कोल्हापूर नाहीतर खाली गोव्यात बांबोळी, आणि तिथवर न्यायची तरतूद म्हणजे ज्याची गाडी दारात उभी असेल तो. बाईने विचारलं, हेलिकॉप्टर उतरेल अशी मोकळी जागा आहे का? मी म्हटलं, सडा आहे की, मोकळा कातळ, मैलभर. खळ्यातून आवाज आला, ‘‘काजीच्या दिवसात नको म्हणान सांग, मोहोर झडतलो.’’ मी ते भाषांतर केलं नाही.

शेवटचं कलम वाचताना बाईचा आवाज हळू झाला. दुर्दैवाने प्रवासात काही झालंच, तर पार्थिव मायदेशी परत नेण्याचा सगळा खर्च कंपनी करील.

‘‘मायदेशी म्हणजे कुठे?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘अमेरिकेत, सर.’’

‘‘म्हणजे मी आयुष्यभर पैसे साठवून गावी यायचं, तिथे मरायचं आणि तुम्ही मला उचलून परत न्यू जर्सीला आणणार?’’

‘‘पूर्ण खर्च आम्ही करू, सर.’’

‘‘मला नको! आमच्या घरामागे आंबा आहे. रायवळ. वडिलांनी त्याच्यासाठीच राखून ठेवलाय.’’

बाईने सांगितलं, की जिथे मृत्यू होईल तिथेच अंत्यविधी करण्याचाही पर्याय आहे, पण त्याला रक्कम बरीच कमी आहे. मग तात्यांमधला इंजिनिअर जागा झाला. लाकूड घरचं, माणसं वाडीतली, भटजी नात्यातला. एकूण खर्च वजा जाता कितीतरी डॉलर शिल्लक राहतात, ते कोणाला मिळणार? बाई म्हणाली, प्रत्यक्ष पावत्यांप्रमाणेच पैसे मिळतील. ‘‘रायवळ आंब्याची पावती कोण देईल रे?’’ तात्यांनी मला विचारलं. सरपंच देतील, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

काकी इतका वेळ गप्प होती. आमच्या घराण्यातल्या बायका पुरुषांना दमू देतात. तात्यांचा हिशेब संपल्यावर तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढून वाचून दाखवला. मेडिकेअर जे देत नाही ते भरून काढायला तिने दोघांसाठी वेगळी पुरवणी पॉलिसी घेतली होती, मेडिगॅप, प्लॅन जी. त्यात परदेशातल्या तातडीच्या उपचारांचं एक कलम आहे : पहिले २५० डॉलर आपले, पुढच्या खर्चाचे ८० टक्के त्यांचे, सगळ्या आयुष्यात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. हॉस्पिटलात आधी आपण भरायचे आणि पावत्या पाठवायच्या. हप्ता ती कित्येक वर्षं भरत आली होती.

‘‘काकी, अगं मग आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘मला कोणी विचारलं?’’

अट एवढीच, की दुखणं प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेलं पाहिजे. खळ्यात कोणीतरी बोटं मोजायला लागलं. शिमगा ते आंबे संपेपर्यंत ६० दिवसांत काही बसत नव्हतं. तात्यांना मात्र त्यात अडचण दिसली नाही. जे काय व्हायचं ते पहिल्या ६० दिवसांत उरकून घ्यायचं, एवढाच त्यांनी अर्थ काढला, आणि प्रवासाचा विमा राहून गेला.

आले ते त्याच तयारीने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ६०व्या दिवसाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि धोक्याची सगळी कामं अलीकडे घेतली. पालखी झाली. विहिरीच्या पायऱ्या उतरून झाल्या. आत्येने शेवटी शिरवाळे केलेच, ते नारळाच्या रसात बुडवून दोनदा झाले. तारकर्लीलाही काकी दुपारी झोपलेली बघून गेले. तिथल्या पोराने वय विचारलं, पेलाभर सोलकढी पाजली आणि परत रिक्षात बसवून दिलं. हापूस सकाळ-संध्याकाळ. काकी साखर मोजायची आणि आकडा कॅलेंडरवरच तारखेखाली लिहायची, त्यामुळे ते पान हवामान केंद्रातून आल्यासारखं दिसायला लागलं. तात्यांना काही म्हणजे काही झालं नाही. कोल्हापूरला आम्ही गेलो ते चपला आणायला.

लाल वर्तुळ जवळ आलं तसा तात्यांचा चेहरा पडला. चालताना काठी घ्यायला लागले. माडाखालून जाणं सोडलं. एवढी वर्षं भरलेला हप्ता फुकट गेला याचं दुःख होतं की पुढच्या दिवसांची भीती, ते कळेना. निघताना काढायचा विमा आता मध्येच कोण देणार? एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘आज घेतलात तर आधी ३० दिवस थांबूचा लागतला,’’ आणि त्याच्या आत तर तात्या विमानात बसणार होते.

तेव्हा ६०व्या दिवशी सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. गुरवाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

‘‘बा देवा म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आम्ही.

‘‘आज ह्यो तुझो लेकरू सातासमुद्रापलीकडसून तुझ्या पायाकडे इलो आसा…’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘उद्याधरून त्येच्या वाटेत जी काय इडापीडा, नड-अडचण आसात, ती भायरच्या भायर घालव, म्हाराजा…’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

इथे गुरव थांबला. एक डोळा उघडून त्याने तात्यांच्या काठीकडे पाहिलं.

‘‘एक इचारूचा रवला. गुडघो धरून सांगू काय सोडून?’’

‘‘धरून,’’ तात्या म्हणाले.

‘‘मगे नारळ दोन लागतले.’’