रुमाल बांधून हार्डनर मारू नका

परवा रात्री परभणीहून दाजींचा फोन. "उद्या सामान आणायलोय. आठ हजारांत गाडी घरीच रंगवून नवी होतेय, तो मेसेज वाच जरा." मेसेज मी आधीच चार ग्रुपवर पाहिला होता. गॅरेजवाले लुटतात, एक लिटर रंगात अख्खी गाडी होते, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) हे बिल फुगवायचे धंदे, जुन्या रंगावर कुठलाही रंग बसतो, अगदी लष्करी हिरवासुद्धा, रंग कडक करणारं हार्डनर मिसळून अंगणातच मारा, तोंडाला रुमाल पुरे, उन्हात तासाभरात वाळते.

दाजींची गाडी 2004 ची मारुती 800, सिल्की सिल्व्हर. अंगणाला लागूनच खोली, आणि त्या खोलीत माझा भाचा झोपतो. त्याला हिवाळ्यात दम्याचा पंप लागतो.

म्हणून आधी रुमालाचं बोलतो. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. स्प्रे गनमधून उडणारा त्यांचा फवारा इतका बारीक असतो की साध्या उजेडात बराचसा दिसतही नाही. गन बंद केल्यावरही तो काही वेळ हवेतच असतो. ब्रिटनचं कामगार सुरक्षेचं सरकारी खातं, एचएसई, गाड्या रंगवणाऱ्यांना हेच बजावत आलंय: कामामुळे जडणाऱ्या दम्याचं हे तिथलं मोठं कारण आहे, आणि फवारणी बूथमध्ये, म्हणजे हवा खेचून घेणाऱ्या बंद खोलीत, बाहेरून शुद्ध हवा येणारा मास्क लावूनच करायची. एकदा का शरीराला याची ॲलर्जी बसली, की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही दम लागतो. रुमाल धूळसुद्धा धड अडवत नाही. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला ते कुणाच्या घरात वाचलं जाईल याचा विचारच आला नाही, याचा मला राग आहे.

"कुठलाही रंग बसतो" हे मी स्वतः भोगलंय. माझ्या जुन्या इंडिकाच्या बॉनेटवर आधीच्या मालकाने ऑइल पेंट मारला होता. त्यावर मी थिनरवाला रंग फवारला. दहा मिनिटांत खालचा थर उचलला गेला, दुधावरची साय बोटाने सारावी तशा सुरकुत्या पडल्या. सगळं पत्र्यापर्यंत खरवडून काढावं लागलं. प्रायमर लागतो तो इथे. उघड्या पत्र्यावर आणि पुट्टीवर थेट रंग मारला, तर दोन पावसाळ्यांत गंज खालून फुगून वर येतो.

क्लिअरचं अर्धं खरं आहे. साध्या पांढऱ्या गाडीला टू-के रंग क्लिअरशिवाय चालतो. सिल्व्हरला नाही. त्यात ॲल्युमिनियमचे कण असतात, बेस कोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, वाळला की राखेसारखा मंद दिसतो. चमक आणि ऊन सोसायची ताकद क्लिअरची. छोट्या गाडीलाही दोनेक लिटर बेस आणि जवळपास तेवढंच क्लिअर जातं, म्हणजे एक लिटरचा हिशेबही गेला.

उन्हात वाळवण्याचं तर विचारूच नका. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याला हात लावता येत नाही. वरचा थर लगेच सुकतो, आत अडकलेलं थिनर फोड काढतं, आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच.

गॅरेजच्या बिलात सामानापेक्षा मजुरी जास्त असते, हे मात्र खरंय, मान्य करतो. पण ती मजुरी म्हणजे गंज काढणं, पुट्टी, वॉटर पेपरने घासणं, आणि मास्किंग, म्हणजे काचा-दिवे झाकणं. त्यातलं घासकाम आणि मास्किंग दाजी स्वतः करू शकतात, तिथे पैसे वाचतात. लुटीची भीती असेल तर डबे सीलबंद आणायला लावा आणि समोर फोडून घ्या. टू-केचे पैसे घेऊन हलका रंग मारणारे असतात.

रंगच बदलायचा असेल तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. मेसेजमधला लष्करी हिरवा तर 1989 च्या मोटार वाहन नियमांनुसार खासगी गाडीला चालतच नाही.

काल दाजी दुकानात जाऊन आले. हार्डनर घेतलंच नाही. फक्त वॉटर पेपर आणलेत. रविवारी मी परभणीला जातोय, दोघं मिळून छतावरचा गंज घासणार आहोत, आणि फवारणीचं काम बूथ असलेल्या गॅरेजला देणार आहोत.