मेमॉयर ४४ : सैनिकाच्या डोळ्याने बघू नका, हेक्सने बघा

मेमॉयर ४४ हा दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्ड गेम खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, "नियमपुस्तक बाजूला ठेवा, हे पाच मुद्दे पुरे" अशा थाटाचा. मुद्दे थोडक्यात असे. डोकं टेबलापर्यंत खाली नेऊन आपल्या प्लास्टिकच्या सैनिकाच्या मागून बघा, समोरचा दिसला तर फायर करता येतं. मध्ये आपलीच तुकडी असेल तर ती अडवत नाही. जंगलात शिरलेला शत्रू लांबून दिसतच नाही. अँबुश कार्ड आपल्यावर हल्ला झाला की कधीही टाका. आणि काउंटर-अटॅकने समोरच्याचं कार्ड रद्द होतं. पाचच्या पाच चूक आहेत राव! आणि नवीन मंडळी हेच वाचून टेबलावर बसतात, मग पहिल्याच डावात वाद.

पहिल्यापासून घेऊ. डोळा लावून बघायचा प्रकार दुसऱ्या काही मिनिएचर गेम्समध्ये (छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून खेळायच्या गेम्समध्ये) खरंच आहे, तिथूनच हा इकडे घुसला असणार. पण रिचर्ड बोर्गने बनवलेल्या या २००४ च्या गेममध्ये प्लास्टिकचे सैनिक म्हणजे तुकडीत किती दम उरलाय याचा हिशोब, पायदळाचे ४, रणगाडे ३, तोफा २, बस. ते हेक्समध्ये, म्हणजे बोर्डावरच्या षटकोनी घरात, कुठे उभे आहेत, तोंड कुणीकडे आहे, याला काडीची किंमत नाही, बुद्धिबळात घोड्याचं तोंड कुठे वळलंय ते कोण बघतं? लाईन ऑफ साईट म्हणजे आपल्या हेक्सच्या मध्यापासून टार्गेट हेक्सच्या मध्यापर्यंत मनातल्या मनात ओढलेली सरळ रेषा, आणि ती मधल्या ज्या हेक्समधून जाते, अगदी कोपऱ्यातून का जाईना, त्यात अडथळा असेल तर फायर नाही. हेक्सवर ठेवायच्या जंगलाच्या टाईलवर झाडं डाव्या बाजूला काढलीत आणि रेषा उजवीकडून जाते हा युक्तिवाद चालत नाही, जंगलाचा हेक्स म्हणजे पूर्ण हेक्स जंगल.

अपवाद एकच, आणि भांडणं नेमकी त्यावरच होतात. रेषा हेक्सच्या आतून न जाता दोन हेक्सच्या मधल्या काठावरून जाते तेव्हा काय? दोन हेक्स लांबच्या तिरप्या टार्गेटवर हे हमखास होतं, रेषा बरोब्बर मधल्या दोन हेक्सच्या सामाईक कडेवरून निघते. तिथे एका बाजूला जंगल आणि दुसरीकडे मोकळं रान असेल तर फायर करता येतं. दोन्ही बाजूंना अडथळा असेल तरच बंद.

अडथळा म्हणजे जंगल, गाव, टेकडी, बंकर, नॉर्मंडीतली ती दाट झुडपांची कुंपणं (१९४४ मध्ये अमेरिकन रणगाडे त्यांच्यापुढे अडकले होते, शेवटी पुढे लोखंडी दात लावून कुंपणं फोडायला लागली). वाळूची पोती आणि काटेरी तार नजर अडवत नाहीत. टेकडीचं थोडं वेगळं, दोन्ही तुकड्या एकाच सलग टेकडीवर असतील तर मधला टेकडीचा हेक्स आड येत नाही.

आणि हो, तुकडीसुद्धा अडथळाच, आपली असो की शत्रूची. मेसेजवाल्याने हा दुसरा मुद्दा कुठून काढला देव जाणे, कारण अर्धा गेम यावरच चालतो. कार्ड खेळायचं, कोणाकोणाला ऑर्डर ते सांगायचं, मग सगळ्यांच्या चाली, त्या पूर्ण झाल्या की मगच लढाया आणि त्या एकेक करून, शेवटी नवीन कार्ड. म्हणजे मागच्या तुकडीचं फायरिंग उरकून मग पुढे सरकतो असं नाही करता येत, आधी सरकलात आणि आपल्याच मागच्याच्या समोर उभे राहिलात तर त्याचं फायरिंग तुम्हीच बुडवलंत. याचीच उलटी मजा म्हणजे मधली शत्रूची तुकडी पहिल्या लढाईत उडाली किंवा मागे पळाली तर त्याच टर्नमध्ये तुमच्या दुसऱ्या तुकडीला पलीकडचं दिसायला लागतं, म्हणून कोण आधी लढणार ते विचार करून ठरवा.

जंगलाच्या मुद्द्यात गोची कुठे झालीय ते मात्र कळतं. टार्गेट ज्या हेक्समध्ये बसलंय तिथलं जंगल नजर अडवत नाही, ते फक्त फासे कमी करतं, पायदळाने मारलं तर १, रणगाड्याने मारलं तर २. आता पायदळाचे फासे अंतराप्रमाणे ३, २, १. तीन हेक्सवरून जंगलावर फायर केलं तर १ मधून १ गेला, उरला शून्य! बघणाऱ्याला वाटतं "दिसत नाही". पण दोन हेक्सवरून १ फासा मिळतो आणि रणगाडा तर तीन हेक्सवरूनही १ फासा टाकतोच, कारण त्याचे तिन्ही अंतरांना ३ असतात. दिसतच नसतं तर हे फासे आले कुठून? तोफेचा तर प्रश्नच नाही, तिला लाईन ऑफ साईट लागत नाही आणि जंगलाची वजावटही नाही.

अँबुश. "कधीही" हा शब्द खोडा आधी. समोरच्याने क्लोज असॉल्ट, म्हणजे चिकटून उभ्या तुकडीवरचा हल्ला, जाहीर केला आणि फासे अजून हातात आहेत, तेवढीच ती फट. दोन हेक्सवरून फायर आलं तर अँबुश नाही. फासे टेबलावर पडल्यावर, दोन माणसं गेलेली बघून "थांब थांब, अँबुश" तर अजिबातच नाही, हे परवा एकाने केलं आणि वर हा मेसेज दाखवला. वेळेत टाकलंत तर तुमची तुकडी आधी लढते, हल्लेखोर संपला किंवा त्याला मागे हटावं लागलं तर त्याचा हल्ला गेला, टिकला तर तो ठरल्याप्रमाणे लढतो. टर्नच्या शेवटी तुम्हाला बदली कार्ड मिळतं, त्यामुळे हातातलं कार्ड कायमचं कमी होईल म्हणून जपून ठेवण्यात अर्थ नाही.

काउंटर-अटॅकवर जास्त बोलण्यासारखं काही नाही, नावामुळे गैरसमज होतो इतकंच. ते समोरच्याच्या टर्नमध्ये खेळायचं कार्डच नाही. त्याची टर्न पूर्ण होते, काही रद्द होत नाही, मग आपल्या टर्नला आपण त्याने नुकतीच दिलेली ऑर्डर तशीच देतो. फक्त बाजू उलटते, त्याने उजव्या फ्लँकचं (बोर्डाच्या उजव्या भागाचं) कार्ड खेळलं असेल तर आपल्याला ते डाव्या फ्लँकचं, कारण समोरासमोर बसल्यावर बोर्डाचा तो भाग आपल्या डाव्या हाताला येतो.