कट्टा रंगायचा तो तासांमुळेच

‘कला शाखेत तास नावापुरते, खरं शिक्षण कट्ट्यावरच होतं’ हे कॉलेजच्या कट्ट्याबद्दलच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. मी पुण्यात इतिहास घेऊन बी.ए. केलं. प्राचीन भारताच्या तासाला सर फळ्यावर ब्राह्मी या प्राचीन लिपीतली अक्षरं काढून आमच्याकडून एकेक वाचून घ्यायचे. मग कार्ल्याच्या लेण्यांना नेलं, तेव्हा चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, खांबावरच्या कोरीव लेखावर टॉर्चचा उजेड तिरका पाडून ‘धेनुकाकट’ हे गावाचं नाव आम्ही स्वतः वाचलं. त्या गावच्या यवनांनी (हा शब्द तेव्हा मुख्यतः ग्रीकांसाठी वापरत) यातले काही खांब दान दिलेत! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचं नाव आपल्याला वाचता येतंय, या आनंदाला तोड नाही.

मळवलीहून परतताना लोकलमध्ये आणि पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये चहावर एकच वाद: दात्यांची नावं ‘सिहधय’सारखी इथलीच, मग हे यवन खरंच ग्रीक का? आणि धेनुकाकट नेमकं कुठे? (अभ्यासकांचंही त्यावर एकमत नाही.) तास बुडवणारी मंडळी त्या गप्पांतून लगेच उठून जायची. कट्टा मलाही प्रिय आहे, पण तिथे बोलायला काहीतरी लागतं आणि ते आम्हाला वर्गात मिळालं. एवढ्या मोठ्या लेखात एकाही विषयाचा साधा उल्लेख नाही, हे फार खटकलं.