ग्रेटे वाइट्झ ‘सरावाविना’ जिंकली नव्हती

नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झची एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. ऑस्लोची ही साधी शाळाशिक्षिका नवऱ्याबरोबर सहलीला म्हणून न्यूयॉर्कला गेली, कसलाही सराव नसताना १९७८ ची मॅरेथॉन निव्वळ जिद्दीच्या बळावर जागतिक विक्रमासह जिंकली आणि त्यानंतर तिला कोणीही हरवू शकले नाही, अशी ती गोष्ट. यातली शिक्षिका, नवरा आणि विक्रम खरे आहेत. बाकीचे तपासून घेतलेले बरे.

पहिला मुद्दा सरावाचा. न्यूयॉर्कला पोहोचण्यापूर्वीच ग्रेटे १९७२ आणि १९७६ अशा दोन ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर धावली होती, ३००० मीटरचा जागतिक विक्रम तिने १९७५ मध्ये प्रस्थापित करून पुढच्या वर्षी ८ मिनिटे ४५.४ सेकंदांपर्यंत खाली आणला होता आणि १९७८ च्याच मार्चमध्ये ग्लासगोला ती क्रॉस कंट्रीची, म्हणजे माळरानांतून धावण्याच्या शर्यतीची, जगज्जेती ठरली होती. शाळा भरण्यापूर्वी पहाटे एकदा आणि शाळा सुटल्यावर पुन्हा एकदा धावणे हा तिचा नेम होता. मॅरेथॉन मात्र ती कधी धावली नव्हती आणि सरावातही तिने जेमतेम वीस किलोमीटरपर्यंतच मजल मारली होती, एवढा सत्याचा अंश या गोष्टीत जरूर आहे. पण तो तिचा आळस नव्हता. त्या काळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना १५०० मीटरपेक्षा लांबची शर्यतच नव्हती. ३००० मीटर आणि मॅरेथॉन या दोन्ही शर्यतींना १९८४ साली प्रवेश मिळाला. लांब पल्ल्याचा दम असलेल्या धावपटूला आखूड शर्यतींत बसवायचे आणि मग तिला ‘मॅरेथॉनची तयारी नव्हती’ असे म्हणायचे, हा उलटा न्याय झाला.

सहलीची कल्पना नवऱ्याची, जॅकची होती, हे खरे. परंतु स्पर्धेचे आयोजक फ्रेड लेबो यांनी तिला बोलावले ते सुरुवातीला वेगवान धावून इतर स्त्रियांना गती लावून देण्यासाठी. अशा कामाला सराव नसलेल्या पाहुणीला कोण बोलावील?

निव्वळ जिद्दीची बाजू तर शर्यतीच्या तपशिलातच ढासळते. किलोमीटरची सवय असल्यामुळे मैलांच्या खुणांवरून किती अंतर उरले याचा तिला अंदाज येईना, मांड्यांत गोळे आले आणि या फंदात पाडल्याबद्दल तिला नवऱ्याचा संताप आला. शर्यत संपल्यावर तिने बूट काढून त्याच्याच अंगावर फेकले. तरीही वेळ होती २ तास ३२ मिनिटे ३० सेकंद, म्हणजे आधीच्या विक्रमापेक्षा दोन मिनिटांहून अधिक कमी, आणि दुसरी आलेली स्त्री सुमारे नऊ मिनिटे मागे होती. एवढे अंतर वर्षानुवर्षांच्या वेगाच्या सरावाने पडते; चिडलेल्या माणसाच्या जिद्दीला त्याचे श्रेय देता येत नाही.

शेवटचा दावा अजिंक्यपदाचा. पुढच्याच वर्षी ग्रेटे अडीच तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली आणि १९८३ मध्ये हेलसिंकीला तिने स्त्रियांच्या मॅरेथॉनचे पहिले जागतिक अजिंक्यपदही मिळवले. मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनला तिने नोंदवलेली २ तास २५ मिनिटे २९ सेकंदांची वेळ दुसऱ्याच दिवशी बॉस्टनमध्ये अमेरिकेच्या जोन बेनॉइटने २ तास २२ मिनिटे ४३ सेकंदांत मागे टाकली. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये याच बेनॉइटने सुरुवातीलाच आघाडी घेतली, ग्रेटे तिच्यामागे गेली नाही आणि ८६ सेकंदांनी मागे राहून तिला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. न्यूयॉर्कची शर्यत तिने १९७८ ते १९८८ या काळात विक्रमी नऊ वेळा जिंकली, पण १९८१ मध्ये नडगीच्या दुखण्यामुळे ती याच रस्त्यावरून अर्ध्यातून बाहेर पडली होती.