सही वाचता आली पाहिजे

माझ्याकडे सह्या केलेले ३१ बेसबॉल आहेत. अमेरिकेत ओहायोत आल्यावर लागलेला नाद. पुण्याहून आत्या आली होती, कपाट बघून म्हणाली, "एवढे चेंडू, आणि एकानेही खेळायचं नाही?" तिला काय सांगणार!

पण आजचं भांडण वेगळं आहे. हल्लीच्या खेळाडूंच्या सह्या वाचताच येत नाहीत. एक वेलांटी, एक फरकाटा, खाली जर्सीचा नंबर. नंबर नसता तर सही कोणाची, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कबूल, शंभर पोरं चेंडू पुढे करून उभी असतात, हात दुखतो. पण जुन्यांपुढे का गर्दी नव्हती? मिनेसोटा संघाच्या हार्मन किलब्रू यांचे ५७३ होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार टोलवलेले फटके, आणि सही कित्त्यातल्यासारखी, अक्षर न् अक्षर लागतं. त्याच संघातल्या तरुण टोरी हंटरची गिचमीड पाहून त्यांनी त्याला चांगलंच सुनावलं होतं. आमच्या क्लीव्हलंडचे पिचर (चेंडू फेकणारे) बॉब फेलर तर इतक्या सह्या द्यायचे की त्यांची सही *नसलेला* चेंडू दुर्मीळ, असा विनोद इथे चालतो. त्यामुळे फेलर स्वस्तात मिळतात. माझ्यासारख्यांचं फावलं.

एकट्याची सही घ्यायची ती दोन शिवणी सर्वांत जवळ येतात त्या अरुंद पट्टीवर. तिला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. पेन निळं बॉलपेनच. मार्करची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांनी नावाला मिशा फुटतात. आणि ऊन नको! माझा पहिला चेंडू मी हौसेने खिडकीत मांडला होता. आता तो नुसता चेंडू आहे.

खरं-खोटं हा आणखी एक ताप. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल निघाला! त्यानंतर मेजर लीगने, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, २००१ मध्ये स्वतःची होलोग्रामची पद्धत आणली: सही खरी असल्याची खूण म्हणून चेंडूवर चमकता स्टिकर. ठीकच केलं. पण आता लोक आधी स्टिकर बघतात, मग नाव.

माझ्या सगळ्यात लाडक्या चेंडूला स्टिकर नाही. एका छोट्या गावातल्या मैदानावर एक निवृत्त पिचर घडीच्या खुर्चीत बसले होते. मेजर लीगमध्ये जेमतेम एक हंगाम खेळलेले. रांगेत मी एकटाच. त्यांनी पूर्ण नाव सावकाश लिहिलं, शाई वाळेपर्यंत चेंडू शिवणीला धरून ठेवला आणि मला देताना विचारलं, "वाचता येतंय ना?"

गेल्या महिन्यात सहज एका दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, सही खरी असल्याचा कागद नाही, त्यामुळे कोऱ्या चेंडूचे येतील तेवढेच. मी तो परत मोज्यात घातला आणि घरी आणला.